पान सत्तेचाळीस

रविवार, १४ ऑक्टोबर

एका सूर्यफुलाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी इथे यथाविधी नोंदवून ठेवतो. सासूबाईंच्या वृद्धाश्रमात पाहुण्यांच्या वहीपाशी जे पेन असतं, त्याच्या शेंड्याला हिरव्या चिकटपट्टीने प्लास्टिकचं सूर्यफूल बांधलेलं आहे. चांगलं बशीएवढं. पेन कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून ही योजना. सही करायला वाकलं की फूल डोळ्यात जातं, आणि सही अशी उमटते की बँकेने फौजदार बोलवावा. वाईच्या पाठशाळेत वडिलांनी ज्याच्याकडून बोरूने कित्ते गिरवून घेतले, त्या माणसाला सत्तावन्नाव्या वर्षी फुलाने लिहावं लागतं. कालाय तस्मै नमः.

संस्थेच्या नावात सरोवर आहे. आवारात गाड्या लावायची जागा आहे आणि तिच्यामागे नाला. मी तिला मानससरोवर म्हणतो. हा विनोद पॉलेटला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, आणि त्यानंतरही बायको हसली नाही.

सासूबाईंना नावाने हाक मारायची इथली रीत एकतीस वर्षांत माझ्या जिभेला जमलेली नाही. मी त्यांना ‘मिसेस टॉम्को’ म्हणतो, त्या मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. ओहायोत मी प्रोफेसर व्हायला आलो आणि कॉर्बेट फॉल्सच्या साप्ताहिकाचा बातमीदार झालो, एवढाच त्यातला टोमणा. डायरीत मात्र मी तिला इरमाच म्हणतो, तेही एकेरीत. डायरी चहाडी करत नाही.

इरमा शहाऐंशी वर्षांची. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. आरशात एकदा बघितलं की साठ पोरं चिडीचूप. सप्टेंबरात पायरीवरून पडली, खुबा आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे इथे राहून चालायला लागेल, असं डॉक्टरचं म्हणणं.

आज गेलो तेव्हा पाण्याचा जग खिडकीत ठेवलेला होता, शोभेच्या कुंडीसारखा. इरमाने एकापाठोपाठ एक तीन ग्लास पाणी घेतलं.

“मिसेस टॉम्को, बस सुटते आहे का कुठली?”

“तू आहेस तोवर पिऊन घेते.”

पूर्वी ती माझ्याशी हवापाण्यावरूनसुद्धा वाद घालायची. आज तासभरात मोजून पाच वाक्यं बोलली. एकंदरीत इथली शिस्त तिला मानवलेली दिसते.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

मॅचला जाण्याआधी मानससरोवर. शुक्रवारी शाळेच्या अमेरिकी फुटबॉलची मॅच असते. ती चुकवली तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही, आणि मला तर तिच्यावर आठशे शब्द लिहायचे असतात.

इरमाच्या पलंगाची घंटी सापडेना. पाहतो तर तिची वायर पलंगामागे दांडीला गुंडाळून वर गाठ मारलेली. शेजारच्या पलंगावरच्या मिसेस कोव्हाच म्हणाल्या, “ती दाबते ना सारखी, म्हणून.”

“कोणी बांधली?”

“रूथी, गप बस,” इरमा म्हणाली. मग मला: “मुलींना त्रास होतो रे. चाळीस म्हाताऱ्यांमागे दोघी धावतात. जा तू, तुझी मॅच चुकेल.”

तिचा हा समजूतदारपणा पाहून गहिवरून आलं. गाठ सोडली, घंटी उशाशी ठेवली आणि निघालो. एकवीस–चौदा, आपण जिंकलो.

रविवार, ४ नोव्हेंबर

आज विनोद नाही.

पॉलेटने आईचा गाऊन बदलायला घेतला. कुणाला बोलवायचं नाही, म्हणून इरमा हट्ट करत होती. मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून पॉलेटचा आवाज आला, “वासू, आत ये,” आणि लगेच, “नको, येऊ नकोस.”

माकडहाडावर जखम आहे, माझ्या तळहाताएवढी. आतलं दिसतंय. टाचेवर दुसरी. डाव्या दंडावर चार बोटांचे निळे वळ, पलीकडच्या बाजूला अंगठ्याचा.

व्यवस्थापक मिस्टर डेंटन ताबडतोब आले, नाव लिहिलेला बिल्ला आणि काळजीचा चेहरा लावून. “या वयात त्वचा कागदासारखी होते. आणि कूस बदलायला त्या नकार देतात, तशी नोंद आहे आमच्याकडे. वळ वगैरे, म्हणजे, योगायोग.”

आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. या कावळ्याला चार बोटं आणि अंगठा होता.

ॲम्ब्युलन्स मागवली. इरमाला बाहेर काढताना मिसेस कोव्हाचनी विचारलं, “परत आणणार ना तिला?” आम्ही स्ट्रेचरमागे चालू लागलो.

घंटीची गाठ मी सोडली होती आणि मॅचला गेलो होतो. हे मी पॉलेटला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, ८ नोव्हेंबर

वकील शोधणं सुरू. अशा खटल्यांत इथला वकील फी घेत नाही, मिळेल त्या भरपाईत वाटा घेतो. हमरस्त्यावर एका वकिलाचं भलंमोठं होर्डिंग आहे. नुसते दातच दोन-दोन फुटांचे. खाली नंबर. लावला. गोड आवाजाची मुलगी.

“आपल्या प्रियजनाचं निधन झालंय का?”

“नाही.”

“हं.” इतकं हिरमुसलेलं ‘हं’ मी जन्मात ऐकलं नव्हतं. “एखादा पाय वगैरे कापावा लागला?”

“अजून नाही.”

“बरं, ‘अजून नाही’ असं लिहिते.”

कळवू म्हणाली. मी माफी मागून फोन ठेवला. माफी कशाची मागितली, ते माझं मलाच माहीत नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

दात असलेल्यांकडून नकार आला. क्लीव्हलंडच्या एकांकडून नकार आला. आज ॲक्रनला, सातव्या मजल्यावर, व्हिटेकर नावाच्या सभ्य गृहस्थांकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिले आणि पालथे घातले. आदराने पालथे घातले, हेही सांगितलं पाहिजे.

“मी स्पष्ट बोललो तर चालेल? आई शहाऐंशीच्या. कमावत्या नाहीत, म्हणजे बुडालेला पगार नाही. तज्ज्ञ डॉक्टर उभे करायचे, दोन वर्षं भांडायचं. आणि त्या बऱ्या होतायत, देवाच्या कृपेने.”

“म्हणजे देवाची कृपा आमच्या विरुद्ध जाते?” मी विचारलं.

“खटल्यापुरती... हो.”

पंधरा मैल पॉलेटने गाडी चालवली. मग म्हणाली, “मॉम मेली असती तर त्यांनी घेतली असती केस.” मी ‘हो’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार? व्याकरणशुद्ध वाक्य होतं.

गुरुवार, २२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

इरमा काल घरी आली. जेवणाचं टेबल गराजमध्ये गेलं, त्या जागी तिचा पलंग. टर्की आम्ही मांडीवर ताटं घेऊन तिच्याभोवती बसून खाल्ली.

“कोरडी झालीय,” इरमा म्हणाली. पॉलेट रडायला लागली. आठ आठवड्यांत आईने काढलेली ही पहिली खोड.

उशाशी मी पितळी घंटा ठेवली आहे, आमच्या देव्हाऱ्यातली. इरमा तिच्याकडे बघते, पण हात लावत नाही.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

वकील मिळाल्या. यंग्सटाउनला, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या माथ्यावर ग्वेन मॅटॉक बसतात. साठीच्या, काळ्या, धिप्पाड. डोक्यावर एक आणि गळ्यात एक असे दोन चष्मे. पॉलेटने सुरुवात केली, “आम्हाला आधी तिघांनी...”

“माझ्याकडे पहिल्या फटक्यात कुणीच येत नाही, बेटा. बस. आईला काय हवंय?”

पॉलेट म्हणाली, “तिला वाटतं, मिसेस कोव्हाचना तिथून कुणीतरी सोडवावं.” इरमाने हे तिला कधी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं.

“आणि दाखल करतानाचे कागद?”

मी एकसष्ट पानांचा गठ्ठा दिला. ग्वेनबाईंनी तो पहिल्या पानापासून उघडलाच नाही. वैद्य जसा थेट नाडीवर बोट ठेवतो, तशा त्या थेट मध्यात गेल्या, आणि पान सत्तेचाळीस काढून माझ्यासमोर ठेवलं.

लवादाचा करार. काहीही तक्रार उद्भवली तर कोर्टात जायचं नाही. संस्थेच्या यादीतला लवाद, बंद खोली, निकाल गुप्त. त्याखाली सूर्यफुलाने केलेली सही, माझी. नात्याच्या चौकटीत: ‘मुलगा’.

“बंद खोलीत गेलो तर मिसेस कोव्हाचना काहीही कळणार नाही,” ग्वेनबाई म्हणाल्या. “कुणालाच कळणार नाही. बंद खोली त्याचसाठी असते.” मग जरा मऊ आवाजात: “वाईट वाटून घेऊ नका. हे कुणीच वाचत नाही. तुम्ही काय करता, मिस्टर भागवत?”

“बातमीदार. काउंटीच्या अंदाजपत्रकातल्या चुका काढतो.”

त्यांनी गळ्यातला चष्मा नाकावर लावला आणि काहीही न बोलण्याचा मोठेपणा दाखवला.

सोमवार, ३ डिसेंबर

फोनवर ग्वेनबाई. दार पुरतं बंद झालेलं नाही.

“ऐका. तुम्ही मुलगा नाही, जावई. मुखत्यारपत्र पॉलेटच्या नावाने, तुमच्या नाही. त्या दिवशी आईंचं मनगट प्लास्टरमध्ये होतं, पण डोकं शाबूत. तेव्हा प्रश्न एकच: त्यांनी तुम्हाला ‘माझ्या वतीने सही कर’ असं सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर ती सही त्यांची, आणि आपण बंद खोलीत. सांगितलं नसेल तर तो नुसता खरडलेला कागद, आणि आपण कोर्टात.”

“आठवत नाही.”

“आठवा. घाईने आठवू नका.”

प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्या पाठवणार आहेत. त्यात मी शपथेवर सांगायचं, की मी या बाईंचा कुणी नाही, मला कसलाही अधिकार नव्हता, तिने मला काहीही करायला सांगितलं नव्हतं. जामाता दशमो ग्रहः असं आमचे लोक म्हणत आले. आता हा दशमग्रह राशीतून अधिकृतपणे काढून टाकायचा.

‘मुलगा’ का लिहिलं, ते इथे लिहायला हरकत नाही. दाखल करून घेणाऱ्या बाईंनी बिस्किटांची ताटली पुढे सरकवून विचारलं, “मुलगा ना तुम्ही?” चौकट एवढीशी होती. आणि, हेही लिहून टाकतो, ऐकायला बरं वाटलं होतं.

शनिवार, ८ डिसेंबर

पॉलेट भांडी पुसत होती.

“त्या दिवशी मॉमला सांगितलं होतंस, कशावर सही करतोयस ते?”

“घाई होती. हॉस्पिटलची गाडी उशिरा आली. शुक्रवार होता.”

“मॅच.”

“मॅच होती.”

“तू हॉटेलात गेलास की मेनूकार्ड शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस, वासू. वेटर ताटकळत उभा राहतो.”

“ठाऊक आहे.”

“मी काही म्हणत नाहीये.” तिने तीच बशी पुन्हा पुसायला घेतली. “मीच सुट्टी घ्यायला हवी होती.”

यावर ‘नाही, चूक माझीच’ असं म्हणायचं असतं. मी म्हणालो, “बशी कोरडी झालीय.”

गुरुवार, १३ डिसेंबर

ग्वेनबाई घरी आल्या. इरमाला पॉलेटने लिपस्टिक लावून दिली होती. दोघींचं पाच मिनिटांत असं जमलं की मी आणि पॉलेट भिंतीवरच्या चित्रांसारखे उरलो.

“बस चालवायचात म्हणे?”

“सात नंबर. हॅरिस कॉर्नर, मग गिरणी, मग डोनेली यांचा गोठा, तिथे तीन पोरं चढायची, धाकट्याच्या नाकाला सदा शेंबूड. मग कॅथलिक चर्च, मग पूल.” एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचे एकवीस थांबे तिने पोरांच्या नावांसकट म्हणून दाखवले. वेदपठण करणाऱ्यांनी शिकावं असं.

“आणि बसमध्ये कुणी कुणाला मारलं तर?”

“बस थांबवायची. सगळ्यांसमोर विचारायचं. कोपऱ्यात नेऊन नाही विचारायचं. कोपऱ्यात पोरं खोटं बोलतात. ती दुपारच्या पाळीची पोरगी, दंड धरायची ती. तिलाही मला सगळ्यांसमोर विचारायचंय. आणि त्या डेंटनला. रूथी अजून तिथेच आहे.”

ग्वेनबाई पुढे सरकल्या. “दाखल झालात तो दिवस आठवतो? कागदांवर सह्या झाल्या, तेव्हा तुम्ही काही बोललात?”

इरमाने माझ्याकडे पाहिलं. बसच्या आरशात पाहायची, तसं.

“छे. त्या दिवसाचं काहीच नाही आठवत बाई. हात ठणकत होता.”

“नक्की? दुसऱ्या बाजूचे वकील शपथेवर विचारतील.”

“विचारू देत. म्हातारी बाई मी. विसरते.”

ग्वेनबाईंनी वही मिटली. निघताना जिन्यावर मला म्हणाल्या, “तुमच्या सासूबाई भल्या आहेत. सोमवारी दहा वाजता सही करायला या. आणि मिस्टर भागवत, जे खरं असेल त्याच्यावरच सही करा. खोटं मी कोर्टात नेत नाही.”

इरमाची स्मृती अशी मध्येच दगा देते आहे, ही काही बरी खूण नाही. डॉक्टरांना फोन करायला हवा.

रविवार, १६ डिसेंबर

मसुदा आला आहे. दीड पान. या खेपेला मी तो नऊ वेळा वाचला. पाचवं कलम: ‘सदर कागदांवर सही करण्यास श्रीमती टॉम्को यांनी मला सांगितले नव्हते, किंवा तशी परवानगीही दिली नव्हती.’

आता जे झालं ते लिहितो. डायरी चहाडी करत नाही, असं मी पहिल्याच दिवशी लिहून बसलो आहे.

तो शुक्रवार. साडेपाच वाजलेले. इरमा चाकाच्या खुर्चीत माझ्या शेजारी होती, हात गळ्यात बांधलेला. त्या बाई पानं उलटत होत्या आणि ‘इथे, इथे, आणि इथे’ म्हणत होत्या. एकसष्ट पानं, अकरा मिनिटं. मध्ये कुठेतरी इरमाने तिचा धड हात माझ्या मनगटावर ठेवला आणि पेन थांबवलं.

“वाचलंस का सगळं, प्रोफेसर?”

“अक्षरन् अक्षर.”

“तू वाचलंस ना? मग कर माझ्या नावाने.”

तिने हात काढून घेतला. मी सूर्यफूल बाजूला करून सही केली. मॅचची सुरुवात मला गाठता आली.

म्हणजे तिने सांगितलं होतं. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, आणि माझ्या शब्दावर विसंबून सांगितलं होतं. उद्या पाचव्या कलमावर सही केली तर ती शपथेवरची लबाडी. नाही केली तर इरमा बंद खोलीत, ती दुपारची पोरगी दुसऱ्या कुणाचा दंड धरायला मोकळी, आणि रूथी कोव्हाचची घंटी पलंगामागे. मधला मार्ग दिवसभर शोधला. तो नाही.

संध्याकाळी इरमाला सूप द्यायला गेलो. मसुदा माझ्या हातातच होता.

“उद्याचा कागद का?”

“हो, मिसेस टॉम्को.”

तिने चमचा तोंडाशी नेला, फुंकर मारली, सूप प्यायली.

“या वेळी वाचून कर हो सही.”

पॉलेट स्वयंपाकघरातून हसली. आईचे टोमणे परत सुरू झाले म्हणून तिला आनंद. मीही हसलो. ‘या वेळी’ म्हणजे कोणत्या वेळी नाही, ते मी विचारलं नाही. सुपाचा वाडगा घेतला आणि इकडे येऊन दार लावून बसलो आहे.

खटला हरू, याची काळजी वाटते. खोटी शपथ घ्यावी लागेल, याचीही वाटते. पण गुरुवारी ‘आठवत नाही’ असं ती म्हणाली, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे लिहायचं राहिलं होतं. खरी काळजी एकच आहे. तिला सगळं आठवतं.